पगार बेताचा, घर भाड्याचं: पर्यावरण जपायचं तर सुरुवात कुठून करू?

धायरीची_भाडेकरू (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

पुण्यात धायरीला वन बीएचके फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. मी, नवरा आणि सासूबाई. दोघांचे पगार आहेत, पण भाडं, गाडीचा हप्ता आणि गावी पाठवायचे पैसे गेले की हातात बेताचंच उरतं.

आपली नासाडी कमी व्हावी, असं बरेच दिवस मनात आहे. उन्हाळा लागला की सोसायटीत टँकर सुरू होतात. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कुणी ना कुणी पालापाचोळा आणि प्लास्टिक एकत्र पेटवतं. सासूबाईंना दमा आहे, त्या दिवशी त्यांना रात्रभर बसून काढावी लागते. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी घरातला आहे.

पण शोधायला गेलं की समोर येतात बांबूचे ब्रश, तांब्याच्या बाटल्या, दुप्पट भावाचं सेंद्रिय धान्य आणि काही हजारांचे कंपोस्टचे संच. हे आपल्या ऐपतीचं नाही असं वाटून मी मोबाइल खाली ठेवते.

नेमकं विचारायचं आहे ते असं: बिनपैशात किंवा थोडक्या पैशात काय करता येईल? घरमालक भिंतीत खिळासुद्धा ठोकू देत नाहीत, म्हणजे सोलर वगैरे विषयच नाही. गॅलरी जेमतेम आठ फूट बाय चार फूट. तिथे ओला कचरा जिरवला तर वास येईल का, शेजारी तक्रार करतील का? आणि आरओ घ्यायचा का? विक्रेता आठवड्याला फोन करतोय.

सासूबाई म्हणतात, "आम्ही गावाकडे हेच करत होतो, तुम्ही आता शिकताय." त्यांचं खरं आहे. पण त्यांच्या घरामागे उकिरडा होता, गोठा होता. फ्लॅटमध्ये ते कसं जमवायचं?

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं ही विनंती.

---

खानावळवाली

वयाने मोठी आहे म्हणून तुला अगं-तुगं करते.

सदाशिव पेठेत मी डबे करते. गिऱ्हाईक बहुतेक स्पर्धा परीक्षेची मुलं. त्यांचा खिसा तुझ्यापेक्षा रिकामा, त्यामुळे डब्याचा भाव वाढवायची सोय नाही. आमच्या धंद्यात पैसा तीन वाटांनी जातो: गॅस, पाणी आणि वाया गेलेलं अन्न. या तीन वाटा बुजवल्या की पैसाही वाचतो आणि तू म्हणतेस तेही आपोआप होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं: काहीही विकत घेऊ नकोस. घरात प्लास्टिकचे डबे असतील तर तेच फुटेपर्यंत वापर. चांगला डबा टाकून काचेची बरणी आणायची, यात पर्यावरणाचं काही भलं नाही.

गॅसपासून सुरुवात कर. माझ्याकडे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो, तुझा १४.२ किलोचा, पण रीत तीच. डाळ, कडधान्य भिजवल्याशिवाय चुलीवर चढवायचं नाही. तूरडाळ तासभर, हरभरा-राजमा रात्रभर. कुकरची शिट्टी होते म्हणजे वाफ बाहेर जाते, आणि ती वाफ तयार करायला आपण गॅस जाळलेला असतो. एकदा आत दाब तयार झाला की आच कितीही मोठी ठेवली तरी आतली उष्णता वाढत नाही, फक्त शिट्ट्या वाढतात. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक, भिजलेल्या डाळीला सात-आठ मिनिटं पुरतात, मग बंद. झाकण आपोआप सुटेल तेव्हाच उघडायचं, त्या वेळातही आत शिजणं चालूच असतं. खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे किंवा दुधी, असे तीन डबे एकाच आचेवर. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर गेली तर ती हवा तापवते. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची भोकं सुईने साफ कर. एवढंच करायचं आणि सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायची. पुढचा किती दिवस गेला ते तुला तिथेच कळेल.

भातासाठी मी आणखी एक करते. भाजीवाल्याकडून मोठा थर्माकोलचा खोका आणला, त्यात जुन्या गोधड्या दाबून बसवल्या, मधोमध पातेल्यापुरती जागा ठेवली. भात झाकण ठेवून पाच-सात मिनिटं खळखळ उकळायचा, तसाच झाकणासकट खोक्यात ठेवायचा आणि वरून उशी. तासाभराने काढला की शीत न् शीत मोकळं. करपायची भीती नाही आणि जेवायला बसेपर्यंत गरम राहतो. साबुदाणा, ज्वारीच्या कण्या, मूगडाळ सगळं होतं. राजमा मात्र आधी चांगला दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय असा ठेवायचा नाही. कच्चट राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं, ते मंद उष्णतेने जात नाही.

आता अन्न. दोडका सोलला की शिरा टाकायच्या नाहीत. तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची घालून चटणी. दुधीच्या सालीचीही तशीच. कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, मुळ्याचा पाला डाळीचं पीठ लावून, फ्लॉवरचे कोवळे दांडे पातळ चिरून रश्श्यात. रात्रीच्या पोळ्या सकाळी फोडणीच्या, भाकरीचा कुस्करा. तुझ्या सासूबाईंना विचार, माझ्यापेक्षा दुप्पट प्रकार त्यांना येत असतील. यात नवीन काहीच नाही, पण आपण भाजी अर्धी टाकतो तेव्हा ती पिकवायला लागलेलं पाणी, खत आणि ट्रकचं डिझेलही टाकतो, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

धान्यात एक बदल परवडत असेल तर कर: आठवड्यातले काही दिवस पोळी-भाताऐवजी ज्वारीची भाकरी. मंगळवेढा-सोलापूरकडची शाळू ज्वारी रब्बीत काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. भात आणि ऊस जितकं पाणी पितात त्याच्या आसपासही ती जात नाही. सेंद्रियच्या शिक्क्यासाठी दुप्पट पैसे देण्यापेक्षा ही साधी ज्वारी मला जास्त मोलाची वाटते.

पाण्याचं थोडक्यात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना, भाजी धुतलेलं फरशीला. नळाखाली भांडी धुवायची नाहीत, टबात बुडवून घासायची आणि एका पाण्याने काढायची. नळाच्या तोंडाला बसवायची जाळी हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशात मिळते. ती घरमालकाला न विचारता बसवता येते आणि घर सोडताना काढून नेता येते.

ओल्या कचऱ्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण तुझा खरा प्रश्न तो आहे.

रंगाचं काम करणाऱ्यांकडे २० लिटरच्या रिकाम्या बादल्या असतात. दोन आण. बुडाला पाच-सहा आणि बाजूंना वरपर्यंत भोकं पाड, पेन्सिल जाईल एवढी. बादली दोन विटांवर ठेव, खाली जुनी परात. तळाला नारळाच्या शेंड्यांचा बोटभर थर, त्यावर चार बोटं वाळका पाला. विरजण म्हणून कुणाकडचं तयार खत ओंजळभर घाल. ते नसेल तर आंबट ताक शिंपड, शेण मिळालं तर उत्तमच.

मग रोजचा कचरा बारीक चिरून टाकायचा. भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा, निर्माल्यातली फुलं, अंड्याची टरफलं चुरून. आणि जेवढा ओला कचरा, त्याच्या दुप्पट आकाराचा सुका पाला किंवा सुताराकडचा भुसा त्यावर. हा वरचा थर कधीही चुकवायचा नाही, सगळी मेख तिथे आहे. दोन-तीन दिवसांनी काठीने खालवर करायचं, म्हणजे आत हवा जाते. तेलकट रस्सा, दूध, मासळीचे काटे यात घालू नकोस.

वास आला तर समज की ओल जास्त झाली. मूठभर उचलून दाब. पाणी टपकलं तर पाला घालून हलव, मूठ उघडल्यावर ढेकूळ सुटून भुगा झाला तर पाणी शिंपड. नीट जमलेल्या बादलीला पहिल्या पावसात माती भिजल्यावर येतो तसा वास असतो, शेजाऱ्यांना कळणारसुद्धा नाही. एक बादली भरली की बाजूला ठेवायची, दुसरी सुरू. दुसरी भरेपर्यंत पहिलीतलं काळं, भुसभुशीत झालेलं असतं. दीड-दोन महिने धर, थंडीत थोडं जास्त.

वाळका पाला कुठून आणायचा, असं तू विचारशील. जानेवारी ते मार्च सोसायट्यांच्या झाडांची पानगळ असते. झाडणारे ढीग करतात आणि पुढे तोच ढीग पेटतो. पेटायच्या आधी दोन पोती मागून घे, कुणी नाही म्हणत नाही. तुझ्या सासूबाईंना ज्या धुराचा त्रास होतो, त्यातला निदान तेवढा तरी कमी होईल.

माझी मुलं डबा नेतात तो स्टीलचा, अनामत ठेवून. पहिल्या दिवसापासून हा नियम आहे आणि एकाही मुलाने कुरकुर केलेली नाही.

---

वीजबिल_काका

नागपूरहून लिहितोय. आयुष्य मीटर आणि बिलं बघण्यात गेलं, त्यामुळे मी त्याच्यावरच बोलतो.

पोरी, ताईंनी गॅसचं सांगितलं, मी विजेचं सांगतो. आपल्या राज्यातली बहुतेक वीज कोराडी, चंद्रपूर अशा ठिकाणी कोळसा जाळून होते. ढोबळमानाने एक युनिट वापरलं की सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय राख. ती आमच्या भागातल्या लोकांच्या घरात, विहिरीत, पिकांवर पडते. म्हणून पुण्यात वाचवलेल्या युनिटचं मोल इथे आम्हाला ठाऊक आहे.

हिशेब सोपा आहे: वॅट गुणिले तास भागिले हजार म्हणजे युनिट. हा हिशेब घरातल्या प्रत्येक वस्तूला लाव आणि मोठं कुठे जातं ते बघ. मोबाइलच्या चार्जरचा प्लग काढायला लोक धावतात, त्याने फार होत नाही. सेट टॉप बॉक्स मात्र टीव्ही बंद असला तरी साधारण १० वॅट ओढत राहतो, महिन्याला सात युनिट. त्याचं बटण भिंतीवरून बंद करायचं.

उन्हाळ्यात पंखा रोज १५ तास फिरतो असं धर. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. महिन्याला एका पंख्यामागे २० युनिट वाचतात. किंमत अडीच-तीन हजार, म्हणजे एकदम सगळे बदलू नकोस. ज्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ माणूस असतं तिथला एक बदल. सासूबाई दिवसभर घरी असतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा पहिला. आणि भाडेकरूला यात एक सोय आहे, ती कुणी सांगत नाही: जुना पंखा माळ्यावर जपून ठेवायचा, घर सोडताना तो परत लावायचा आणि आपला पंखा सोबत न्यायचा. घरमालकाचा खिळाही हलत नाही.

बिल टप्प्यांनी वाढतं हेही बघ. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, पुढे आणखी. म्हणून वाचलेलं युनिट हे नेहमी सगळ्यात महागडं युनिट असतं. तुमचा वापर ११०-१२० च्या घरात असेल तर एका पंख्याने खालच्या टप्प्यात याल.

गीझर: १५ लिटर पाणी कडकडीत तापवायला पाऊण युनिटच्या आसपास लागतं. तिघांनी एकामागोमाग आंघोळ करायची, मध्ये तास-तास जाऊ द्यायचा नाही, आणि तापमानाचा खटका ५० वर ठेवायचा. पाणी इतकं गरम करून पुन्हा गार मिसळायचं याला काही अर्थ नाही.

फ्रिज २४ तास चालतो, तेव्हा त्याचं रबर तपासायचं. दारात कागद धरून दार लाव. कागद सहज ओढून निघाला तर रबर बदलायचं झालंय. भिंतीपासून चार बोटं लांब ठेव. पुढेमागे नवा घेशील तेव्हा नुसते तारे मोजू नकोस. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात, म्हणून लेबलवरचं वर्ष आणि वर्षाला किती युनिट हा आकडा वाच.

एसी नसेल तर घेऊ नको असं मी म्हणत नाही, दम्याच्या माणसाला कधी लागतोही. पण नागपूरच्या ४५ अंशांत आम्ही कूलरवर उन्हाळा काढतो. तो २०० वॅटच्या आत चालतो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या पुढे. पुण्याची हवा मार्च ते मे कोरडी असते, तिथे तो चालेल. पावसाळ्यात मात्र कूलर काही कामाचा नाही, आणि दमेकऱ्याच्या खोलीत त्याचं पाणी रोज बदलायचं, गवताची पॅडं दर मोसमाला नवी.

सोलर तुला एकटीला जमणार नाही, पण सोसायटीला जमेल. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतःच्या घराला ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, आणि गृहनिर्माण संस्थांना जिना, पंप, लिफ्ट अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. भाडेकरूला सभेत मत नसलं तरी सेक्रेटरीला कागद नेऊन द्यायला कुणी अडवत नाही.

आणि आरओचं. आधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार किती ते, मोजून घे. मीटर दोन-तीनशेला मिळतो, नाहीतर ओळखीत कुणाकडे असतोच. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी पिण्याला योग्य धरतात. खडकवासल्याचं नळाचं पाणी यापेक्षा खूप खाली असतं. त्याला आरओची गरज नाही, गाळून उकळलं तरी पुरे. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सांडून देतो, आणि तुमच्याकडे तर टँकर येतो. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर ते वेगळं मोजायचं. त्याचा आकडा मोठा आला तरच विचार कर, आणि घेतलास तर सांडणारं पाणी बादलीत धरून फरशी-संडासाला वापर.

---

वेचकाची_लेक

माझी आई कचरा वेचते. आधी डोक्यावर पोतं घेऊन रस्त्यावर वेचायची, आता दारोदार जाऊन गोळा करते. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कुठे या बायकांना ओळखपत्र मिळालं. २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेसोबत काम करते. धायरीत तुमच्या दारात जी ताई येते, तिच्या हातात काय पडतं ते मी सांगते. इथे बहुतेकांना ते दिसत नाही.

ओला-सुका एकत्र असेल तर आईला पिशवी उपडी करून हाताने निवडावं लागतं. आमटीत भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही. म्हणजे जो कागद विकून तिला चार पैसे मिळाले असते, तो पुढे कचरा डेपोत जातो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी त्या डेपोविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली, त्यांच्या विहिरींचं पाणी खराब झालं. ओला कचरा ढिगाऱ्यात हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. खानावळवाल्या ताईंच्या दोन बादल्या म्हणजे या सगळ्याला घरातच आळा. तुम्ही ओला कचरा जिरवला की आईकडे फक्त सुका येतो, कोरडा, स्वच्छ. तिचे हात वाचतात आणि कमाई वाढते.

दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका. तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, गटारात किंवा मातीत जातो. चीर द्या, पण तुकडा पिशवीलाच राहू द्या. पिशवी त्याच भांडी विसळायच्या पाण्यात बुडवून काढा आणि खिडकीच्या गजाला अडकवून वाळवा. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक चांगलं असतं, त्याला भाव आहे. चिप्स-बिस्किटांच्या चकचकीत पुड्यांना नाही. एकात एक तीन-चार थर चिकटवलेले असतात, ते कोणी वेगळे करत बसत नाही. त्या पुड्या घरात कमी आणणं हाच उपाय. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी बाजारात त्या मिळतात हे मलाही माहीत आहे. जुन्या साडीच्या दोन पिशव्या शिवून एक गाडीच्या डिकीत आणि एक ऑफिसच्या बॅगेत टाकून ठेवा.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. वेचक बायकांनीच ही खूण पुण्यात रुजवली. ठिपका दिसला की आईला ते उघडून बघावं लागत नाही. फुटलेली काच जाड कागदात बांधून वर लिहा, किंवा हातात देताना तोंडाने सांगा. आईच्या तळव्यावर काचेचे वण आहेत. जमत असेल तर मेन्स्ट्रुअल कपचा विचार करा. काहीशे रुपयांचा कप बरीच वर्षं जातो, मी स्वतः वापरते.

आणि महिन्याची ठरलेली रक्कम ताईंना वेळेवर द्या. तोच तिचा पगार आहे.

प्लॉटवर कचरा जाळण्याबद्दल: उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात त्यासाठी ५ हजार रुपये दंड ठरवून दिला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार. फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. एकटीने देण्यापेक्षा जिन्यातल्या चार घरांच्या सह्या घ्या. सासूबाईंच्या दम्याचा उल्लेख जरूर करा.

---

धायरीची_भाडेकरू

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. दोडक्याच्या शिरांच्या चटणीला त्यांनी कारळं सुचवलंय, तीळ नकोत म्हणाल्या. गोधडीच्या खोक्याचं ऐकून त्यांनी स्वतःची जुनी गोधडी ट्रंकेतून काढलीसुद्धा.

काका, मित्राच्या मीटरने पाणी मोजलं. नळाचं ७० च्या आसपास, टँकरचं ६४० आलं. म्हणजे प्यायला नळाचं वेगळं भरून ठेवलं तर आरओ नकोच, बरोबर ना?

खानावळवाल्या ताई, दोन शंका. बादलीत अळ्या झाल्या तर काय करायचं? आणि खत तयार झाल्यावर त्याचं करायचं काय, माझ्याकडे तुळस आणि कोरफड एवढंच आहे.

---

वीजबिल_काका

बरोबर. टँकर येतो त्या दिवसांत टाकीत दोन्ही पाणी मिसळतं का, ते एकदा वॉचमनला विचार. मिसळत असेल तर सकाळी थेट लाइनच्या नळावरून दोन हंडे भरून घ्यायचे, दिवसभर पुरतात. तिघांना प्यायला आणि स्वयंपाकाला २० लिटर पुष्कळ झालं.

---

खानावळवाली

कारळं घालून मीही करून बघते, त्यांना सांग.

अळ्या झाल्या तर घाबरू नकोस. राखाडी-पांढऱ्या, जाडसर, चपट्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. ती माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर बसत नाही, रोगही पसरवत नाही. अळ्या कचरा झपाट्याने खातात, खत लवकर होतं. बघवत नसतील तर सुका पाला जास्त घाल आणि बादलीच्या तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांध, माशी आत जाणार नाही. चिलटं झाली तर फळांच्या साली वर उघड्या राहिल्यात असं समज. त्या खाली दाबायच्या आणि वरून चमचाभर निंबोळी पेंड भुरभुरायची. मुंग्या आल्या म्हणजे बादली कोरडी पडली, पाणी शिंपड. परातीत तपकिरी पाणी जमलं तर दहापट पाणी घालून झाडांना दे, तसंच ओतलंस तर मुळं जळतील.

खताला गिऱ्हाईक शोधायला लागत नाही. सोसायटीच्या बागेच्या माळीदादांना दे, त्यांना सांगून बदल्यात पाल्याची पोती मिळतील. घरी ठेवायचं तर त्याच रंगाच्या बादल्यांमध्ये मेथी, आंबट चुका, कढीपत्ता, मिरची लाव. गॅलरीत तीन-चार तास ऊन येत असेल तर पुरतं. मेथीला बाजारातून बी आणायची गरज नाही, डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून पेर. चौथ्या दिवशी वर येतात, तीन आठवड्यांत खुडायला होतात. माती आणि खत निम्मं निम्मं, तळाला पुन्हा नारळाची शेंडी.

विरजणाचं खत माझ्याकडे भरपूर आहे. पेठेत येणं झालं तर दुपारी तीन ते पाच या वेळात ये, तेव्हा डब्यांची गडबड नसते. निरोप टाक, पत्ता कळवते. सासूबाईंना जिना चढवत असेल तर त्यांनाही घेऊन ये, मी पहिल्या मजल्यावरच आहे.

---

धायरीची_भाडेकरू

निरोप टाकलाय ताई. शनिवारी दोघी येतो. रंगाच्या बादल्या आमच्या बिल्डिंगचं काम करणाऱ्या पेंटरदादांनी फुकट दिल्या, तीन मिळाल्या. तिसरी तुमच्यासाठी आणू का?

---

खानावळवाली

आण गं. कढीपत्त्याचं रोप मोठ्या कुंडीत हलवायचंच आहे.